आधी केस कापा, मग नोकरी

अमेरिकेच्या दक्षिणेला अलाबामा राज्यात मोबील हे बंदराचं शहर आहे. तिथे विम्याच्या दाव्यांची कामं करणाऱ्या एका कंपनीत मे २०१० मध्ये चॅस्टिटी जोन्स ही कृष्णवर्णीय तरुणी मुलाखतीला गेली. काम ग्राहकांशी फोनवर बोलण्याचं. अंगात निळा सूट, डोक्यावर आखूड, वळवून बसवलेले लॉक्स, म्हणजे स्वतःतच गुंफून राखलेल्या केसांच्या दोरीसारख्या बटा; त्यांनाच ड्रेडलॉक्सही म्हणतात. मुलाखत झाली, निवड झाल्याचं तिला सांगण्यातही आलं. पुढच्या चाचण्यांची वेळ ठरवायची म्हणून मनुष्यबळ विभागाच्या बाईंनी तिला वेगळं बोलावलं. बोलणं संपून ती निघणार, तेवढ्यात बाईंनी विचारलं, हे ड्रेडलॉक्स आहेत का? ती हो म्हणाली. मग असे केस ठेवून तुम्हाला घेता येणार नाही, असं तिला सांगण्यात आलं. का, असं विचारल्यावर जे उत्तर मिळालं ते पुढे न्यायालयाच्या कागदपत्रांत नोंदलं गेलं: ते विस्कटतात, गबाळे होतात, तुमचे तसे आहेत असं मी म्हणत नाही, पण मी काय म्हणतेय ते तुम्हाला कळतंय. जोन्सने केस कापायला नकार दिला. तिला दिलेले कागद परत मागून घेण्यात आले आणि हातात आलेली नोकरी त्याच खोलीत गेली.

त्या बाईंचं वाक्य पुन्हा वाचा. तुमचे केस गबाळे आहेत असं मी म्हणत नाही. म्हणजे समोर बसलेल्या मुलीविरुद्ध तक्रार काहीच नाही. तिचे केस स्वच्छ आहेत, नीट आहेत, हे मान्य आहे. तरीही नोकरी नाही, कारण ‘तसल्या’ केसांबद्दल एक समज आधीच पक्का झालेला आहे आणि तो समोरच्या मुलीलाही ठाऊक असणार, असं बाईंनी गृहीत धरलं होतं. ते गृहीतक खरंही होतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रीला हा समज लहानपणापासून ठाऊक असतो.

कंपनीच्या नियमावलीत ड्रेडलॉक्स हा शब्दही नव्हता. केशरचना व्यावसायिक प्रतिमेला शोभणारी असावी, अतिरेकी केशरचना किंवा विचित्र रंग चालणार नाहीत, एवढाच मजकूर होता. फोनवर बोलणाऱ्या माणसाचे केस ग्राहकाला कसे दिसणार, हा साधा प्रश्नही कुणाला पडला नाही. समान रोजगार संधी आयोगाने २०१३ मध्ये जोन्सच्या वतीने खटला भरला. २०१४ मध्ये तो फेटाळला गेला. २०१६ मध्ये अकराव्या विभागाच्या अपील न्यायालयाने तोच निकाल कायम ठेवला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाच नकार दिला. अपील न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं: केसांचा पोत जन्मजात असतो, त्यावरून भेदभाव केला तर तो वंशभेद. पण केसांची रचना ही निवड असते, ती बदलता येते. म्हणून तिच्यावरची बंदी हा वंशभेद नव्हे.

माझा आक्षेप या तर्कालाच आहे. एखादी गोष्ट बदलता येते का, यावर न्याय ठरवणं मुळातच चूक आहे. बदलायला लावणारा कोण, त्याला तो अधिकार कुणी दिला आणि त्या बदलाची किंमत कोण मोजतं, हे विचारायला हवं. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या केसांबाबत हे प्रश्न विचारले, की ‘नीटनेटकं दिसा’ हा वरवर निरुपद्रवी वाटणारा नियम किती एकतर्फी आहे ते लगेच उघड होतं.

आधी केसांबद्दलच बोलू, कारण या वादात सगळ्यात कमी बोललं जातं ते प्रत्यक्ष केसांबद्दल. आफ्रिकी वंशाच्या बहुसंख्य माणसांचे केस त्वचेतून बाहेर पडतानाच घट्ट वेटोळं घेतात. सरळ केसात टाळूवरचं नैसर्गिक तेल खाली टोकापर्यंत ओघळतं. वेटोळ्या केसात ते मुळाशीच अडतं, म्हणून केस कोरडा राहतो. प्रत्येक वळणावर तो नाजूक असतो आणि कोरड्यावर कंगवा फिरवला की तुटतो. रोज धुतला तर आणखी कोरडा पडतो. मोकळा सोडला तर शेजारच्या केसांत गुंततो. अशा केसांची निगा राखायची तर त्याला कमीत कमी हात लागेल अशी व्यवस्था करावी लागते. डोक्याच्या कातडीलगत ओळीने घातलेल्या बारीक वेण्या, दोन पेडांचे ट्विस्ट, किंवा केस स्वतःतच गुंफू देऊन राखलेले लॉक्स ही ती व्यवस्था आहे. आपल्याकडे शाळेत जाणाऱ्या मुलीची तेल लावून घट्ट वेणी घालतात, त्यामागे जो हिशेब असतो तोच इथे आहे: केस गुंतू नयेत, तुटू नयेत, सारखं विंचरावं लागू नये.

या वेण्या घालायला वेळ किती लागतो ते पाहिलं, तर त्यांना ‘गबाळं’ म्हणणाऱ्याची जीभ अडखळेल. शेपटीच्या कंगव्याच्या टोकाने भांग पाडून डोक्याचे चौकोन आखले जातात. रेषा सरळ आली नाही तर पुन्हा. एकेक बट सोडवून, ओलावा आणि तेल लावून, मुळाशी फार ताण बसणार नाही अशा बेताने तीन पेडांत गुंफली जाते. त्या जागेवरून उठेपर्यंत सहा-सात तास सहज जातात. पण त्यानंतर कित्येक आठवडे सकाळी केसांकडे बघावंही लागत नाही. नोकरी करणाऱ्या, मुलांना शाळेत सोडून बस पकडणाऱ्या बाईसाठी याहून सोयीचं काय असेल? कार्यालयाला हवा असतो तो वक्तशीर, टापटीप कर्मचारी. या वेण्यांमुळे तेच साधतं.

आता दुसरी बाजू. ‘व्यावसायिक’ दिसायचं म्हणजे केस सरळ करायचे. त्याचे मार्ग दोन. तापवलेल्या लोखंडी कंगव्याने किंवा इस्त्रीने केस दाबायचे; पण पावसाची सर आली, दमट हवा लागली, घाम आला की ते पुन्हा वळतात. किंवा रिलॅक्सर नावाचं रसायन लावायचं. जुन्या पद्धतीच्या रिलॅक्सरमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असतं, आपण ज्याला कॉस्टिक सोडा म्हणतो तेच. ते केसाच्या आतले बंध तोडतं, म्हणून केस सरळ होतो. थोडा वेळ जास्त राहिलं तर टाळू भाजते, फोड येतात, खपली धरते. आणि मुळातून येणारा नवा केस पुन्हा वेटोळाच असतो, त्यामुळे दर सहा-आठ आठवड्यांनी हे सगळं पुन्हा करायचं. अनेक मुलींच्या डोक्याला हे रसायन प्राथमिक शाळेतच लागतं आणि निवृत्तीपर्यंत सुटत नाही.

याचा शरीरावर काय परिणाम होतो, याचे धागेदोरे आता हाती येऊ लागले आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या ‘सिस्टर स्टडी’तून ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे असे: ३३,४९७ स्त्रियांचा सुमारे ११ वर्षं पाठपुरावा झाला, त्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचे ३७८ रुग्ण आढळले. केस सरळ करणारी रसायनं कधीच न वापरलेल्या स्त्रियांमध्ये वयाच्या सत्तरीपर्यंत हा कर्करोग होण्याचं प्रमाण १.६४ टक्के निघालं. वर्षातून चारपेक्षा जास्त वेळा वापरणाऱ्यांमध्ये ते ४.०५ टक्के होतं. ही रसायनं वापरत असल्याचं सांगणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या. अशा पाहणीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही, हे संशोधकांनी स्वतःच बजावलं आहे आणि ते लक्षात ठेवायलाच हवं. पण धोका असू शकतो हे समोर आल्यावरही एखाद्या बाईला पोटासाठी ते डोक्यावर लावत राहावं लागत असेल, तर तिच्या डोक्यावर रसायन कुणी ओतलं, याचं उत्तर तिच्या स्नानघरात शोधून भागणार नाही. २०११ मध्ये अमेरिकेच्या तेव्हाच्या सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्यावर सरकारतर्फे बोलणाऱ्या प्रमुख डॉक्टर, रेजिना बेंजामिन यांनी, केस बिघडतील या भीतीने कृष्णवर्णीय स्त्रिया व्यायाम टाळतात, हा आरोग्याचा प्रश्न म्हणून जाहीरपणे मांडला होता. त्या स्वतः कृष्णवर्णीय, स्वतः डॉक्टर. तेव्हा काहींना हा विषय फार हलका वाटला. मला तो तसा कधीच वाटला नाही.

हे सगळं आजचं नाही. १७८६ मध्ये स्पॅनिश अमलाखालच्या लुइझियानात गव्हर्नर एस्तेबान मिरो याने फर्मान काढलं: मुक्त असलेल्या कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्त्रियांनी केस दागिन्यांनी, पिसांनी सजवायचे नाहीत, डोक्याला रुमाल बांधायचा. गुलाम नसलेल्या या बायका दिमाखात वावरतात, गोऱ्या बायकांच्या बरोबरीच्या दिसतात, ही तक्रार होती. त्या बायकांनी रुमाल बांधले, पण असे रंगीत आणि अशा डौलाने, की त्याचीच फॅशन झाली. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या दूरचित्रवाणीवरच्या वार्ताहर मेल्बा टॉलिव्हर अ‍ॅफ्रो, म्हणजे वेटोळे केस न बांधता डोक्याभोवती गोल फुलवलेले, राखून अध्यक्ष निक्सन यांच्या मुलीच्या लग्नाचं वार्तांकन करून आल्या. वाहिनीने त्यांना केस बदलायला सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही, तेव्हा पडद्यावरून दूर ठेवलं. बोभाटा झाला, मग वाहिनीला माघार घ्यावी लागली.

आणि १९८१ चा ‘रॉजर्स विरुद्ध अमेरिकन एअरलाइन्स’ हा खटला. जोन्सच्या प्रकरणाची मुळं इथे सापडतात. रिनी रॉजर्स विमानतळावर काम करत होत्या, कंपनीत ११ वर्षं झाली होती. डोक्यालगतच्या बारीक वेण्या घालून त्या कामावर आल्या. कंपनीच्या नियमात अशा वेण्यांना बंदी. त्या न्यायालयात गेल्या. कंपनीने तोडगा सुचवला होता: वेण्या ठेवा, पण कामाच्या वेळेत त्यांचा अंबाडा घाला आणि त्यावर गंगावन बसवून त्या झाका. रॉजर्स यांनी तेही करून पाहिलं. त्या गंगावनाने डोकं भयंकर दुखतं, असं त्यांनी सांगितलं. त्यावर न्यायाधीशांनी निकालपत्रात लिहिलं, मग थोडं मोठं गंगावन घ्यावं. न्यायासनावर बसलेल्या माणसाचं हे उत्तर. डोक्यावरचे केस स्वतःचे, डोकेदुखी स्वतःची. झाकण मात्र कंपनीला हवं तेवढं. शिवाय वेण्यांची ही पद्धत नुकतीच एका गोऱ्या अभिनेत्रीने चित्रपटात लोकप्रिय केली, रॉजर्स त्यानंतरच तशा दिसू लागल्या, या कंपनीच्या मुद्द्याचीही न्यायालयाने दखल घेतली. आफ्रिकेत आणि अमेरिकेतल्या गुलामवस्त्यांत पिढ्यान्‌पिढ्या आयांनी मुलींच्या डोक्यावर घातलेल्या वेण्यांचं श्रेय असं एका चित्रपटाच्या पदरात पडलं.

याच निकालात न्यायाधीशांनी असंही सुचवलं होतं, की अ‍ॅफ्रोवर बंदी असती तर कदाचित वेगळा विचार झाला असता, कारण तो केसांचा नैसर्गिक पोत. म्हणजे केस मोकळे सोडले तर कायदा पाठीशी उभा राहील आणि ते नीट बांधले तर बाजूला होईल. ज्या केसांना मोकळं सोडणं सोसत नाही, त्यांच्याबाबत हा निवाडा झाला. न्यायाधीशांची नियत वाईट होती असं मला म्हणायचं नाही. त्यांच्या घरात, त्यांच्या वर्गात, त्यांच्या न्यायालयात असे केस विंचरणारं कुणी नव्हतं, हे मात्र ओळीओळीतून दिसतं.

आता प्रतिवादाकडे येतो. पहिला आणि सगळ्यात सभ्य प्रतिवाद असा, की नियम सगळ्यांना सारखा आहे. गोऱ्या बाईलाही वेण्या घालून येता येणार नाही. खरं आहे. पण त्या नियमाने गोऱ्या बाईचं काय जातं? तिचे केस डोक्यातून उगवतात तसेच ‘व्यावसायिक’ असतात. सकाळी ब्रश फिरवला की झालं. कृष्णवर्णीय सहकारी मात्र त्याच नियमासाठी दर महिन्याला पैसे, सुट्टीचा शनिवार आणि टाळूची कातडी खर्च करते. दोघींना पगार सारखा मिळाला तरी एकीच्या पगारातून हा दंड कापला जातो आणि तो कुठल्याही पावतीवर दिसत नाही.

दुसरा प्रतिवाद न्यायालयांचा लाडका: बदलता येणाऱ्या गोष्टीला संरक्षण नाही. पण अमेरिकेचा कायदा स्वतःच असं मानत नाही. धर्म बदलता येतो. ज्या नागरी हक्क कायद्याखाली जोन्सचा खटला चालला, त्याच कायद्यात धर्माला संरक्षण आहे. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कपड्यांच्या दुकानात नोकरी मागणाऱ्या, हिजाब घातलेल्या मुलीच्या बाजूने निकाल दिला. तेव्हा डोक्यावरचं वस्त्र काढता येतं, म्हणून संरक्षण नाही, असं कुणी म्हटलं नाही. त्याआधी १९८९ मध्ये ‘प्राइस वॉटरहाउस विरुद्ध हॉपकिन्स’ हा खटला झाला. या हिशेबनिसांच्या कंपनीत काम करणाऱ्या अ‍ॅन हॉपकिन्स यांना भागीदारी हवी असेल तर अधिक बायकी चाला, बायकी बोला, मेकअप करा, दागिने घाला, केस सेट करून घ्या, असा सल्ला मिळाला होता. न्यायालयाने त्याला लिंगभेदाची साचेबद्ध अपेक्षा म्हटलं. मेकअप आणि केस सेट करणं यांहून बदलता येण्यासारखं दुसरं काय आहे? जोन्सच्या खटल्यात पूर्णपीठाने फेरसुनावणी नाकारली तेव्हा न्यायमूर्ती बेव्हर्ली मार्टिन यांनी आपल्या असहमतीत नेमका हाच निकाल पुढे केला होता. त्या अल्पमतात राहिल्या. पण युक्तिवाद त्यांचाच खरा होता, असं मला ठामपणे वाटतं.

तिसरा प्रतिवाद सुरक्षिततेचा. यंत्राजवळ काम असेल, स्वयंपाकघर असेल, शस्त्रक्रियेची खोली असेल, तर केस बांधायला, झाकायला सांगावंच लागतं. त्याला कुणाचाच विरोध नाही. केस जाळीत घाला, हा नियम वेण्यांनाही लागू होतो आणि सरळ केसांनाही. वेण्या उलट जाळीत सोप्या बसतात.

चौथा प्रतिवाद मी मराठीतच जास्त ऐकला आहे: शेवटी केसच ते, एवढं काय त्यात? महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. बाईच्या डोक्यावरचे केस हा खाजगी मामला आहे असं आपल्या समाजाने कधी मानलंच नव्हतं. विधवांचं केशवपन हा धर्माचा, जातीचा, भाऊबंदांचा विषय होता. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी, हे काम आम्ही करणार नाही, असं ठरवलं, तेव्हा वस्तरा खाली ठेवणाऱ्या त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं की प्रश्न केसांचा नाही. आजही महाराष्ट्रात आणि सीमाभागात डोक्यात जट झाली म्हणून देवीच्या नावाने बायकांना बांधून घातलं जातं, आणि अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते घरच्यांची समजूत घालून ती जट कापतात. इथे एखादा वाचक थबकेल: आपण जट कापायला धडपडतो आणि हे लॉक्स राखायला न्यायालयात जातात, दोन्ही बरोबर कसं? बरोबर आहे. जट भीतीने वाढते. ती धुवायची, सोडवायची, कापायची त्या बाईला मुभा नसते, तिच्या ओझ्याने मान आखडते. लॉक्स माणूस स्वतः ठरवून राखतो, धुतो, मुळाशी पुन्हा पुन्हा वळून नीट करतो, कंटाळा आला की कापतो. दोन्ही ठिकाणी आपण त्या बाईच्या निर्णयाच्या बाजूने उभे असतो.

याच कारणाने केस सरळ करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईला ‘स्वत्व विकलं’ म्हणणाऱ्यांशीही माझं जमत नाही. कुणाला विग आवडतो, कुणाला सरळ केस शोभतात, कुणी दर महिन्याला काहीतरी नवं करून बघतं. ती हौस आहे, आणि हौसेला कुणाची परवानगी लागू नये. हौस आणि सक्ती यांतला फरक मुलाखतीच्या आदल्या रात्री कळतो. मिशेल ओबामा यांनी २०२२ मध्ये सांगितलं, की व्हाइट हाउसमध्ये असताना वेण्या घालण्याचा विचार मनात आला होता. पण अमेरिकन लोक अजून त्याला तयार नाहीत असं वाटलं, म्हणून केस सरळच ठेवले. केसांवर चर्चा होण्यापेक्षा आरोग्यसेवेचा कायदा पार पडू दे, असा त्यांचा विचार होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य घरात राहणाऱ्या, स्वतः वकील असलेल्या बाईला आठ वर्षं हा हिशेब करावा लागला. कॉल सेंटरमध्ये अर्ज करणाऱ्या मुलीची काय कथा.

बदल होतो का? होतो, आणि तो लष्करातूनही आलेला दिसतो. मार्च २०१४ मध्ये अमेरिकी लष्कराने नवे नियम काढले. त्यात ट्विस्ट, ड्रेडलॉक्स आणि जाड वेण्यांवर बंदी आणताना अशा केसांसाठी ‘गुंतलेले, गबाळे’ असे शब्द वापरले होते. गणवेशातल्या स्त्रियांनी आवाज उठवला. काँग्रेसमधल्या कृष्णवर्णीय महिला सदस्यांनी संरक्षणमंत्री चक हेगेल यांना पत्र लिहिलं. त्याच वर्षी ऑगस्टपर्यंत ते शब्द काढून टाकले गेले, बऱ्याच बंद्या शिथिल झाल्या आणि जानेवारी २०१७ मध्ये लॉक्सनाही परवानगी मिळाली. ज्या संस्थेत बुटाची लेस कशी बांधायची तेही ठरलेलं असतं, तिथे या केसांनी शिस्त बिघडली नाही. मग विम्याच्या कचेरीत काय बिघडणार होतं?

नागरी आयुष्यात बदल आणला तो ‘क्राउन’ कायद्याने. कॅलिफोर्नियाच्या सिनेटर हॉली मिचेल यांनी विधेयक मांडलं, गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी ३ जुलै २०१९ ला सही केली. वंश या शब्दाच्या व्याख्येतच केसांचा पोत आणि वेण्या, लॉक्स, ट्विस्ट अशा रचना घातल्या गेल्या. एवढीशी दुरुस्ती; पण ‘पोत जन्मजात, रचना ऐच्छिक’ ही न्यायालयांनी आखलेली रेघ तिने पुसली. पाठोपाठ न्यूयॉर्क, न्यू जर्सी, आणि पुढे वीसहून अधिक राज्यांनी असे कायदे केले. देशपातळीवरचं विधेयक मार्च २०२२ मध्ये प्रतिनिधिगृहात २३५ विरुद्ध १८९ मतांनी मंजूर झालं, पण सिनेटमधून बाहेर पडलं नाही. त्यामुळे आपल्या केसांना कायद्याचा आधार आहे की नाही, हे आजही अमेरिकेत कुठल्या राज्यात राहता त्यावर अवलंबून आहे.

कायदा झाला तरी पळवाट निघते. टेक्ससमध्ये सप्टेंबर २०२३ पासून हा कायदा लागू आहे. तरी ह्यूस्टनजवळच्या एका शाळेने एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला लॉक्स फार लांब आहेत, या कारणाने महिनोन्‌महिने वर्गाबाहेर ठेवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधीशांनी शाळेच्या बाजूने कौल दिला, कारण कायद्यात रचनेचा उल्लेख आहे, लांबीचा नाही. लॉक्स म्हणजे वर्षानुवर्षं न कापता वाढवलेले केस. लांबी वगळून त्यांना संरक्षण द्यायचं म्हणजे काय द्यायचं, हे मला समजलेलं नाही.

आणि बहुतेक भेदभाव तर बोलूनच दाखवला जात नाही. मोबीलच्या त्या बाईंनी कारण तोंडावर सांगितलं, म्हणून निदान खटला उभा राहिला. ड्यूक विद्यापीठाच्या अ‍ॅशली शेल्बी रोझेट आणि त्यांच्या सहकारी क्रिस्टी कोव्हल यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत नोकरीसाठी आलेल्या काल्पनिक उमेदवारांची चित्रं आणि माहिती लोकांना दाखवली. नैसर्गिक केस राखलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांना कमी व्यावसायिक ठरवलं गेलं आणि मुलाखतीला बोलवावं अशी शिफारसही त्यांच्या वाट्याला कमी आली. सल्लागार कंपनीतली नोकरी असेल तर हे घडलं. जाहिरात क्षेत्रातली नोकरी म्हटल्यावर हा फरक दिसला नाही. अर्थात ‘व्यावसायिक’ म्हणजे काय, हे क्षेत्रागणिक बदलतं. ज्या गोष्टीला काळ्या दगडावरची रेघ समजलं जातं, ती माणसांनीच कुठेतरी ओढलेली असते.

क्राउन कायद्यामागे डव्ह हा साबण-शॅम्पूचा ब्रँड आघाडीत होता, हेही सांगायला हवं. तो युनिलिव्हरचा. याच युनिलिव्हरची भारतातली कंपनी १९७५ पासून फेअर अँड लव्हली विकत आली आणि २०२० मध्ये तिने फक्त नाव बदललं. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत युनिलिव्हरच्याच ट्रेसमे ब्रँडच्या जाहिरातीत कृष्णवर्णीय स्त्रीचे केस कोरडे, खराब झालेले आणि गोऱ्या स्त्रीचे केस ‘नॉर्मल’ म्हणून दाखवले गेले. लोक रस्त्यावर उतरले, दुकानं बंद पडली. कायद्याला मिळालेली मदत खरी आहे, ती नाकारायचं कारण नाही. पण या स्त्रियांची लढाई एखाद्या ब्रँडच्या औदार्यावर सोपवून मोकळं होता येणार नाही. एका देशात आत्मसन्मान आणि दुसऱ्या देशात न्यूनगंड विकणाऱ्यांवर किती विसंबायचं, हे रंगाचं दुखणं घरोघर माहीत असलेल्या आपल्याला कुणी सांगायला नको.

हे सगळं मराठीत लिहायचं कारण आहे. न्यू जर्सी, टेक्सस, कॅलिफोर्नियात आपली हजारो माणसं काम करतात, आणि आता केवळ कर्मचारी म्हणून नव्हे. ती मुलाखती घेतात, बढत्यांच्या शिफारशी लिहितात, नवा माणूस ‘टीममध्ये बसेल का’ यावर मत देतात. त्यातल्या अनेकांनी स्वतःचे उच्चार बदलले आहेत, डब्यातली भाजी बदलली आहे, नाव आखूड केलं आहे. दुसऱ्याच्या मापाने स्वतःला कापून घेणं म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक आहे. तरीही घरी जेवताना ‘त्यांच्या’ केसांबद्दल, ‘त्यांच्या’ अवताराबद्दल जे बोललं जातं ते मी ऐकलं आहे, आणि ते मोबीलच्या त्या बाईंपेक्षा वेगळं नाही.

याच कॅलिफोर्नियात २०२३ मध्ये जातीवरून होणारा भेदभाव स्पष्ट शब्दांत बेकायदा ठरवणारं विधेयक विधिमंडळात मंजूर झालं. ७ ऑक्टोबरला न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. वंश, कूळ यांविषयीच्या सध्याच्या कायद्यांत हे येतंच, वेगळ्या कायद्याची गरज नाही, असं कारण दिलं. हेच कारण केसांबाबतही देता आलं असतं. वंशभेदाला बंदी १९६४ पासून होतीच की! पण रॉजर्स आणि जोन्स यांच्या अनुभवाने दाखवून दिलं, की जे कायद्यात नाव घेऊन लिहिलेलं नसतं ते न्यायालयात हातून निसटतं. म्हणून केसांचा कायदा लागला, आणि म्हणूनच जातीचाही लागेल. जातीच्या विधेयकाला विरोध करणाऱ्यांत आणि पाठिंबा देणाऱ्यांत, दोन्हीकडे भारतीय होते. ज्यांनी पाठिंबा दिला त्यांना कृष्णवर्णीय स्त्रियांची ही लढाई परकी वाटायचं कारण नाही. विरोध करणाऱ्यांनी तर ती नीट वाचायलाच हवी.

सिनेट कधी हलेल ते तिथले मतदार बघतील. मुलाखतीच्या टेबलाच्या आतल्या बाजूला बसणाऱ्याला मात्र तोवर थांबायची गरज नाही. आपल्या कंपनीच्या नियमावलीतलं पोशाखाचं पान काढावं. ‘अतिरेकी’, ‘शोभेल अशी’, ‘व्यावसायिक प्रतिमा’ असे शब्द केसांच्या संदर्भात कुठे आले आहेत ते पाहावं, आणि यातून नेमकं काय टाळायचं आहे हे मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावं. यंत्र, अन्न, शस्त्रक्रिया असं कारण असेल तर ते त्याच शब्दांत लिहायला सांगावं. दुसरं कुठलंच कारण देता आलं नाही, तर ती ओळ काढून टाकायला लावावी.